हळद नको, फक्त पांढरं

नाही, पण मला एक सांगा, माणूस फोटोत हसला नाही म्हणून त्याला पोरीचं लग्न मान्य नाही, असं कसं काय धरून चालता हो तुम्ही? काहींचा चेहराच तसा असतो! आमचे धाकू भाऊजी घ्या. धाकू भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, नलूताईचे यजमान. राहणार कांदिवली, चारकोप. नोकरी बोरिवलीला, रंगाच्या दुकानात. भिंतींचे रंग हां... प्रायमर, डिस्टेंपर, ऑइलपेंट. गिऱ्हाइकापुढे शेडकार्ड उघडून बसायचं आणि ‘हॉलला हे घ्या, बेडरूमला हे घ्या’ करत दिवस काढायचा. सज्जन माणूस, कोणाच्या अध्यात नाही मध्यात नाही. पण हसायचं म्हणजे कसं, तर ओठ घट्ट मिटून, नाकातून. ‘हं.’ संपलं! तुम्ही त्यांना जगातला सगळ्यात भारी विनोद सांगा, पोट हलेल, खांदे हलतील, डोळ्यांतून पाणी येईल, पण ओठ उघडतील तर शपथ!

का? तर दात. भाऊजी लहानपणी गावाला मशेरी लावायचे. तंबाखू भाजून केलेली ती काळी पूड हो! घरात सगळेच लावायचे, आई लावायची, आजी लावायची, मग पोरगंही लावायचं, त्यात कोणाला काही वाटत नव्हतं. मुंबईत आल्यावर भाऊजींनी मशेरी सोडली, पण डागांनी काही भाऊजींना सोडलं नाही. वर दुकानातला चहा, दर गिऱ्हाइकामागे एक. नलूताई सांगते, लग्नानंतर तिने नवऱ्याचे दात पहिल्यांदा बघितले ते तो घोरत असताना! म्हणजे मुलगी बघायला आले, साखरपुडा झाला, लग्न लागलं, पंगती उठल्या, आणि बाईला पत्ता नाही आत काय आहे. आता यात भाऊजींचं काय चुकलं? लाज वाटते माणसाला. लाज वाटणं हा काय गुन्हा आहे?

आणि इतकी वर्षं हे सगळं झाकून झालं होतं हो, व्यवस्थित चाललं होतं. गोंधळ झाला तो श्रुतिकाच्या साखरपुड्याला. श्रुतिका म्हणजे भाऊजींची एकुलती एक लेक, अंधेरीला कंप्युटर कंपनीत आहे. तिनेच पोरगा पसंत केला, देवव्रत सोमण, मुलुंडचा. काय गोड पोरगा आहे तुम्हाला सांगतो! आणि भाऊजींना तो इतका आवडला, इतका आवडला, की तो घरी यायचा म्हटला की भाऊजी स्वतः पिशवी घेऊन बाजारात जातात आणि पनीर आणतात. मालवणी माणूस, हां! मासळीबाजार डाव्या हाताला आणि हा माणूस उजवीकडे वळून पनीर आणतो! आणखी कशी पसंती दाखवायची सांगा? छातीवर लिहून फिरायचं?

पण फोटोत पनीर दिसत नाही ना. फोटोत दिसतं तोंड. साखरपुड्याचे फोटो आले आणि नलूताईला मुलुंडहून फोन, देवव्रतच्या आईचा, कुंदाताईंचा. त्यांचं बोलणं कसं, एकदम हळू, एकेक शब्द पुसून घेतल्यासारखा. ‘नलिनीताई, एक विचारू का? रागावणार नाही ना? नाही, म्हणजे... श्रुतिकाच्या बाबांना हे स्थळ मनापासून पसंत आहे ना? मी सगळे फोटो बघितले हो. एकातही ते हसत नाहीयेत. आमचे हे, अण्णा, म्हणतात, आपण मासे खात नाही म्हणून असेल.’

झालं? आता बोला! नलूताई फोनवर ‘नाही हो, नाही हो, त्यांचा स्वभावच तसा’ करत राहिली, पण कुंदाताईंच्या ‘बरं बरं’मध्ये काही दम नव्हता. पलंगावर बसलेल्या भाऊजींनी हे सगळं ऐकलं. श्रुतिकानेही ऐकलं. ती बापाजवळ येऊन बसली आणि म्हणाली, “पप्पा, हळदीला आणि लग्नात तुम्ही तोंड उघडून हसायचं. त्या कुंदामावशी रोज देवव्रतला विचारतात, आपलं काही चुकलं का म्हणून. आणि मी काय म्हणते, माझ्याकडे तुमचा हसतानाचा एक फोटो नाहीये. एकपण नाही. मी सासरी काय घेऊन जाऊ?”

भाऊजी हळूच उठले, मोरीत गेले, आरशात ओठ जरा वर करून बघितलं, परत आले आणि म्हणाले, “गो बाय, दात पांढरे करून मेळतत म्हणे. खरा काय ता?”

बघा हं. ज्या माणसाने आयुष्यात डॉक्टरपुढे तोंड उघडलं नाही, घसा दुखला तर मिटल्या तोंडाने मीठपाण्याच्या गुळण्या करतो, तो माणूस पोरीच्या सासूचा गैरसमज जावा म्हणून स्वतःहून दातांच्या दवाखान्यात जायला निघाला. आता यात भाऊजींचं काय चुकलं?

दवाखाना महावीर नगरातला, एकदम झकास. एसी, मासे पोहणारी काचेची पेटी, भिंतीवर नुसते हसणारे लोक. डॉक्टरीणबाईंचं नाव शर्मिष्ठा. वयाने श्रुतिकाएवढ्याच असतील, आणि बोलणं फुल फास्ट. ‘अंकल, रिलॅक्स! टेन्शन नाही घ्यायचं! मी पेशंटला दुखवत नाही, प्रॉमिस!’ आधी दोनचारदा बोलावून दातांची साफसफाई केली, आणि मग मुख्य कामाच्या दिवशी त्यांनी ड्रॉवरमधून काय काढलं माहितीये? शेडकार्ड! दातांचं शेडकार्ड! छोटे छोटे खोटे दात ओळीने लावलेले, पिवळ्यापासून पांढऱ्यापर्यंत. भाऊजींना असा काही आनंद झाला म्हणता, परक्या गावात ओळखीचं कोणी भेटावं तसा. खुर्चीतच सावरून बसले. म्हणाले, “म्याडम, हे शेवटचं नको. एवढं पांढरं मी भिंतीलासुद्धा देत नाही. डोळ्यांवर येतं. ऑफ-व्हाइट दाखवा.”

‘अंकल, थोडं जास्तच घेऊ. नंतर शेड थोडी खाली येते.’

“वाळल्यावर उतरते ना? बरोबर. भिंतीचंही तसंच. किती कोट मारणार?”

‘दोन-तीनदा जेल लावू.’

“आधी प्रायमर?”

तर डॉक्टरीणबाई हसून हसून खुर्चीवर बसल्या. मग त्यांनी भाऊजींच्या ओठांत प्लास्टिकची चौकट बसवली, डोळ्यांना काळा चष्मा लावला, हिरड्यांच्या कडेकडेने काहीतरी निळं निळं लावलं, म्हणजे औषध हिरडीला लागू नये म्हणून. आपण खिडकीच्या चौकटीला कशी पट्टी चिकटवतो रंग मारायच्या आधी, तेच! भाऊजींना मनातून बरं वाटलं. काम स्वच्छ आहे म्हणाले. मग निळा लाइट सोडला तोंडावर, आणि आता माणसाचं तोंड आ वासलेलं, जीभ कुठे ठेवायची कळत नाहीये, लाळ कुठे जातेय कळत नाहीये, तर डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच गप्पा सुरू केल्या. ‘अंकल, डॉटर काय करते? लग्न कुठे आहे? हॉल घेतला? मेनू काय?’ आता काय सांगणार माणूस? ‘आंऽ... ऑंऽ... हाऽ...’ अख्खा मेनू सांगितला म्हणे भाऊजींनी स्वरांमध्ये!

मधूनमधून एखादा दात असा काही झणकायचा की पायाचे अंगठे सरळ व्हायचे. पण भाऊजींनी खुर्चीचा हात सोडला नाही. डोळ्यांसमोर श्रुतिका. संपलं काम, चौकट काढली, चूळ भरली, हातात आरसा दिला. आणि भाऊजींनी पहिल्यांदा काय केलं? ओठ मिटले! सवय हो! मग हळूहळू, दुकानाचं शटर वर करतात तसे, ओठ वर केले... आणि बघतच राहिले. म्हणाले, “म्याडम, हे माझेच मा?”

‘ऑफकोर्स तुमचेच, अंकल! हंड्रेड पर्सेंट तुमचे!’

तुम्हाला सांगतो, भाऊजींना भरून आलं. पण डॉक्टरीणबाईंनी भरून येऊ दिलं नाही, लगेच सूचना. ‘अंकल, आता दोन दिवस एकदम स्ट्रिक्ट. चहा नाही, कॉफी नाही. कोकम, सोलकढी, बीट, टोमॅटो, काही नाही. आणि मेन म्हणजे हळद! हळद टोटली नको! फक्त पांढरं. दूध, दही, भात, इडली, केळं. सोपं सांगते, पांढऱ्या शर्टावर सांडलं तर डाग पडेल, असं काही तोंडात नाही जायला पाहिजे.’ आता मालवणी घरात पांढरं काय असतं सांगा? भात. आणि भिंत.

भाऊजी बाहेर आले आणि त्यांना आठवलं, घरी आज माशांचं सार. पिवळंधमक. नलूताईला आत्ताच कळवायला हवं. म्हणून त्यांनी रस्त्याच्या कडेला उभं राहून, चष्मा कपाळावर चढवून घरच्या ग्रुपवर मेसेज लिहिला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तसाच, शब्दाला शब्द. ‘डॉक्टरांनी सांगितले. आता हळद नको. दोन दिवस फक्त पांढरे.’ आणि खाली दोन हात जोडले. भाऊजी सगळ्याखाली हात जोडतात. गिऱ्हाइकाला ‘माल आला’ लिहिलं तरी हात जोडतात. नम्र माणूस आहे.

फक्त काय झालं... श्रुतिकाने हौसेने दोन ग्रुपना एकच फोटो लावला होता, तिचा आणि देवव्रतचा. एक घरचा ग्रुप, ते तिघं आणि मी. आणि दुसरा लग्नाचा. त्यात दोन्हीकडचे नातेवाईक, मावश्या, माम्या, गाववाले, मुलुंडवाले, सगळे. मेसेज गेला लग्नाच्या ग्रुपवर! फोटो तोच, पोरगी तीच, जावई तोच. आता यात भाऊजींचं काय चुकलं?

तुम्हीच वाचा बरं तो मेसेज. हळद तोंडावर आलेली, घरात मांडव घालायची तयारी, आणि मुलीचा बाप लिहितो, डॉक्टरांनी सांगितलं, आता हळद नको, फक्त पांढरं. आणि हात जोडलेले! काय वाटेल?

ग्रुपवर सगळ्यांनी मेसेज बघितला. मग ट्रॉम्बेचे राजारामकाका. आमच्यात कोणी गेलं की राजारामकाकांची श्रद्धांजली पहिली, त्यांचा अंगठा तयारच असतो. त्यांनी लिहिलं, ‘भावपूर्ण श्रद्धांजली.’ कोण गेलं? नको विचारायला? नाही! श्रद्धांजली! की मग त्याखाली धडाधडा ‘ॐ शांती’, ‘ॐ शांती’, ‘देव त्यांच्या आत्म्यास शांती देवो’. कोणीतरी घाबरत घाबरत विचारलं, ‘नेमकं कोण?’ तर त्याच्याखाली आणखी चार ॐ शांती. मग एकीने लिहिलं, ‘नलिनीताईंना फोन करतेय, त्या उचलत नाहीयेत.’ झालं. आणि मग राजारामकाकांनी लिहिलं, ‘नलिनीवहिनी म्हणजे माया होती.’

होती! माझी बहीण त्या घटकेला बोरिवलीच्या बाजारात एका दुकानदाराशी हळकुंडांवरून भांडत होती हो! ‘ही काय हळकुंडं आहेत? किडकी आहेत सगळी!’ मी शेजारी उभा, दोन्ही हातांत पिशव्या, गळ्यात मुंडावळ्यांची पिशवी अडकवलेली. माझा फोन खिशात, पण खिशात हात घालायला हात नको? आणि नलूताईचा फोन घरी, फ्रिजवर. श्रुतिका ऑफिसात मीटिंगला, फोन बंद. राहिला कोण? भाऊजी.

भाऊजी घरी येऊन पंख्याखाली बसले होते. आणि दात असे झाले होते की पंख्याचा वारा लागला तरी झणका मेंदूपर्यंत जायचा. त्यात फोन वाजला. नाव बघितलं तर कुंदाताई! भाऊजी म्हणाले, वा, हीच वेळ. आपण खूश आहोत हे आवाजातून कळलं पाहिजे. छाती भरून श्वास घेतला, ‘नमस्कार’ म्हणायला तोंड उघडलं, वारा गेला आत आणि... “स्स्स्स्... आऽऽऽ... हाऽऽ...”

तिकडून कुंदाताई, ‘रडू नका. रडू नका हो. धीर धरा. बोलू नका काही. आम्ही निघालोच.’

आणि फोन ठेवला. भाऊजी बघत बसले फोनकडे. म्हणाले, काय माणसं आहेत! व्याह्याचे दात दुखतायत हे ऐकून मुलुंडहून कांदिवलीला निघाली! त्या पवईच्या ट्रॅफिकमधून! आपली सख्खी माणसं नाक्यावरून येत नाहीत. आणि अशा देवमाणसांना आपण हसून दाखवत नव्हतो! माझाच मला नुसता संताप आला, म्हणाले. उठले, इस्त्रीचा शर्ट घातला, पावडर लावली आणि कपाटाच्या आरशापुढे उभं राहून हसायची प्रॅक्टिस सुरू केली. थोडं हसू. मध्यम हसू. पूर्ण हसू. ठरवून टाकलं, ते लोक आले की परत जाईपर्यंत ओठ मिटायचे नाहीत. मग दात झणकोत नाहीतर पडोत!

बेल वाजली. दारात अण्णा सोमण, पांढरा सदरा, पांढरा लेंगा. मागे कुंदाताई, फिकट साडी, डोळे सुजलेले, हातात डबा. पिठलं-भाताचा, कारण अशा घरी चूल पेटवत नाहीत ना. आणि भाऊजींनी दार उघडलं, आणि त्या दोघांकडे बघून आयुष्यातलं सगळ्यात मोठं हसू हसले! वरचे दात, खालचे दात, पार अक्कलदाढेपर्यंत!

“या! या या या! बसा!”

कुंदाताईंच्या हातातला डबा सुटता सुटता राहिला. अण्णांनी भाऊजींचा दंड धरला, ‘धाकूराव, तुम्ही बसा. आधी तुम्ही बसा.’ कुंदाताई अण्णांच्या कानाशी, ‘धक्क्याने झालंय हो हे. असं होतं काहींना.’ आणि भाऊजी समोर बसून हसतायत. मिटायचेच नाहीत म्हटल्यावर मिटायचेच नाहीत!

‘कधी झालं?’ अण्णांनी हळूच विचारलं.

“सकाळीच. तासाभरात आटपलं.”

‘फार त्रास झाला का?’

“झाला थोडा. पण मी म्हटलं, होऊन जाऊ दे एकदाचं.”

कुंदाताईंनी पदर तोंडाला लावला. ‘आता... आता कसं वाटतंय तुम्हाला?’

“काय सांगू! मोकळं वाटतंय! इतकी वर्षं मला लाज वाटायची हो. चारचौघांत जायचं म्हणजे मान खाली. आज सुटलो! खरं तर हे आधीच करायला पाहिजे होतं. मला धीर होत नव्हता. श्रुतिका मागे लागली म्हणून झालं.”

‘श्रुतिका?’ अण्णा उभेच राहिले.

“मग! ती म्हणाली, पप्पा, लग्नाच्या आधी हे उरकून टाका, फोटो चांगले येतील.”

आता मला सांगा, त्या बिचाऱ्या कुंदाताईंनी काय करावं? त्या सरकत सरकत दाराकडे चालल्या होत्या. आणि नेमकं त्याच वेळी दार ढकलून नलूताई आत! केस विस्कटलेले, घामाघूम, हातात हळकुंडांची पुडी. मागून मी, पिशव्यांसकट. नलूताईने कुंदाताईंना बघितलं आणि म्हणाली, “अगोबाई, तुम्ही?”

अशी किंकाळी मी आजवर ऐकली नाही. कुंदाताई मटकन सोफ्यावर बसल्या. मग उठल्या, आणि धावत जाऊन नलूताईला अशी काही मिठी मारली, अशी मिठी मारली, की पुडी फुटून हळकुंडं घरभर! ‘तुम्ही आहात! तुम्ही आहात हो!’ म्हणून त्या रडतायत, नलूताईला काही कळत नाहीये, तीही सोबतीला रडतेय, मी पिशव्या कुठे ठेवू म्हणून उभा, आणि भाऊजी... भाऊजी हसतायत! ठरवलंय ना!

मग बसलो सगळे. फोन काढला. मेसेज वाचला. राजारामकाका वाचले. नलूताईने स्वतःची श्रद्धांजली मोठ्याने वाचली, ‘माया होती’वर थांबली आणि म्हणाली, “जिवंतपणी कधी असं बोलले नाहीत मेले!” भाऊजींनी डॉक्टरीणबाई, जेल, निळा लाइट, हळद, पांढरा शर्ट, सगळं सांगितलं आणि पुरावा म्हणून पुन्हा दात दाखवले. पहिले अण्णा हसायला लागले, तोंडावर हात धरून. मग आम्ही सगळे. पण कुंदाताई हसल्या नाहीत. डोळे पुसून सरळ बसल्या आणि म्हणाल्या, ‘धाकूराव, आता आलेच आहे तर स्पष्ट विचारते. दातांचं मला कळलं. पण आमचा देवव्रत तुम्हाला खरंच पसंत आहे ना? मनात काही असेल तर आत्ता सांगा. मला रात्र रात्र झोप नाही.’

भाऊजींचं हसू गेलं. आणि ते बोलले ते सरळ मालवणीतच बोलले, कारण मनातलं त्यांना दुसऱ्या भाषेत येत नाही. म्हणाले, “बाय, मी दात लपवी होतंय, मन नाय. माका झील नाय. तुमचो देवव्रत माझ्या घरात इलो, माका वाटला झील गावलो.”

कुंदाताईंनी नलूताईकडे बघितलं. ‘झील म्हणजे?’

“मुलगा,” नलूताई म्हणाली. “ते म्हणतायत, मला मुलगा मिळाला.”

कुंदाताई पुन्हा रडल्या. पण हे रडणं वेगळं होतं. आणि मग त्यांनीच उठून डबा उघडला, ताटं घेतली, सगळ्यांना पिठलं-भात वाढला. भाऊजींनी भिडेखातर ताट पुढे केलं, विहीणबाईंच्या हातचं नाही कसं म्हणणार? तर कुंदाताईंनी पळी मागे घेतली. ‘तुम्हाला नाही. तुम्ही दहीभात.’ आणि स्वतः फ्रिजमधून दही काढून कालवून दिला.

आम्ही जेवतोय तोवर जिन्यात धावत पावलं, आणि श्रुतिका आत. मीटिंगमधून बाहेर येऊन तिने फोन चालू केला होता. रिक्षात बसून पोरगी अंधेरीपासून रडत आली होती, काजळ गालांवर. नलूताईला बघून तिने पर्स दारातच टाकली. आईला घट्ट धरून बसली, कोणी समजावलं तर ऐकेना. आणि तिला हसवायला म्हणून भाऊजी म्हणाले, “गो, मी काय पण नाय केलंय, नुसतो मेसेज केलंय!” आणि त्यांना स्वतःलाच त्याचं हसू फुटलं. प्रॅक्टिसचं नाही हां. खरं. पोटातून आलेलं, खदाखदा, डोकं मागे टाकून.

श्रुतिका रडायची थांबली. बघत राहिली बापाकडे. म्हणाली, “पप्पा, तुम्ही असे दिसता?” आणि पुन्हा रडायला लागली. फोटो काढायचं कोणालाच सुचलं नाही, पण ते जाऊ दे. हळदीला निघतील, लग्नाला निघतील.

म्हणजे सगळं छान झालं की नाही? गैरसमज गेला, मनं मोकळी झाली, राजारामकाकांना कळवलं, त्यांनी ‘अभिनंदन’ लिहिलं. इथे संपायला काय हरकत होती? पण नाही. निघताना अण्णांनी भाऊजींना हळूच गॅलरीत बोलावलं. मी तिथेच कपडे वाळत घालायच्या दोरीमागे उभा. अण्णांनी इकडे तिकडे बघितलं आणि कुजबुजले, ‘धाकूराव, आता आपण व्याही. आपल्यात आडपडदा नको. कवळी कोणाकडे केलीत?’

भाऊजींनी तोंड उघडलं, ‘अहो, हे माझेच’ म्हणायला. पण अण्णा थांबले तर ना! ‘काय सुंदर बसलीये हो! माझी बघा, हसलो की सुटते. साखरपुड्यात मीसुद्धा एकदाही हसलो नाही, भीतीने. तुमच्याकडे सगळ्यांचं लक्ष होतं म्हणून माझ्याकडे कोणी बघितलं नाही. मला वाटायचं, मुलाच्या लग्नात खोटे दात घेऊन मिरवणारा मी एकटाच. तुम्ही पण त्यातलेच निघालात... काय बरं वाटलं म्हणून सांगू!’

आणि त्यांनी भाऊजींचा हात हातात धरून ठेवला. सोडेनात.

भाऊजींनी एकदा अण्णांकडे बघितलं. एकदा आत, कुंदाताईंकडे. आणि म्हणाले, “आमच्या महावीर नगरातच आहेत एक म्याडम. उद्याच नेतो तुम्हाला.”

ते गेले. दार लागलं. आणि भाऊजींनी दवाखान्यात फोन लावला. एक हात तोंडापुढे धरून, एकदम हळू आवाजात, “म्याडम, एक विनंती होती. उद्या आमचे व्याही येतील. मेहरबानी करा, त्यांका सांगू नकात... माझे खरे आसत म्हणून.”